हातचा

होल्मफेनच्या गावसभेत हीटर एकच,
आणि तो कारकून थॉर्निलीबाईंच्या पायाशी.
बाहेर धुकं. पाणथळ. फेब्रुवारी.
कर यंदाही वाढवायचा नाही, हे आधीच ठरलेलं;
राहिली ती बेरीज.

बदकांच्या तळ्याचं कुंपण: पुढच्या वर्षी बघू.
वाचनालय: गुरुवार गाळा.
शौचालयाची किल्ली यापुढे खाटकाकडे मागायची.
तरी अकराशे पौंड कमीच.
एल्सवर्थ म्हणाला, मग दिवे.
मध्यरात्रीनंतर कोण असतं रस्त्यावर? कोल्हे.
कोल्हे कर भरत नाहीत.
सगळे हसले. मीही.
हात वर केला.

एप्रिलात, कुत्र्याला घेऊन निघालो होतो,
बाराच्या ठोक्याला चर्चच्या वळणावर अंधार झाला
आणि समोरून पावलं. कोल्हा नव्हे.
आयडा पॉसन, वृद्धाश्रमातली उशिराची पाळी उरकून
भिंत चाचपत येणारी.
"कर मात्र वाढला नाही हं," म्हणाली.
टोमणा की आभार,
चेहरा दिसता तर कळलं असतं.

मी कोपर पुढे केलं. तिनं धरलं.
तिच्या फाटकापर्यंत दोनशे बारा पावलं,
मी मोजली.
कुठल्या रकान्यात मांडू?
शाळेत बाई ओरडायच्या:
हातचा विसरलास, पुन्हा कर.