गुरुवार, वीज नाही

गुरुवारी पाषाणात वीज जाते,
नऊ ते पाच, दुरुस्तीसाठी.
लेसर झोपतो, पंपाची घरघर थांबते,
आणि मग कळतं
की या इमारतीत पारवे राहतात.

एकतिसावी साखळी.
अठ्ठावीस अमिनो आम्लं, मी कागदावर मांडलेली,
रुख्साना तांबोळीने एकेक करून जोडलेली.
इथे ल्यूसिन, म्हणजे आत कोरडं राहील.
इथे हिस्टिडिन, जस्ताला धरून ठेवायला.
वळणावर ग्लायसिन,
अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखं.

याआधी तीस वेळा हेच:
उजेड पडला, इलेक्ट्रॉन उठला,
उंबरठ्यापर्यंत गेला
आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी
माघारी.
हाती काय, तर किंचित ऊब.
टेकडीवरच्या घाणेरीला जे जमतं,
तिला तर कोणी अनुदानही देत नाही,
ते मला सात वर्षं जमलं नव्हतं.

बाबा मीटर रीडर होते. हडपसर, मग मुंढवा.
टॉर्च दातात धरून
जिन्याखालचे आकडे वहीत उतरवायचे.
माझ्या कामाबद्दल ते एकच विचारतात,
"किती युनिट?"

तर त्या गुरुवारी, नुसतं बसून काय करायचं म्हणून,
रुख्सानाने कुपी खिडकीत ठेवली.
आत आरगॉन, वर रबरी बूच.
आम्ही गार मटकी खाऊन आलो
आणि गुलाबी पाणी निळं झालेलं.

निळं म्हणजे गेला, आणि परतला नाही.
निळं म्हणजे दुपार
कुपीत थांबली आहे.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
मी उगाच चष्मा पुसला.

साठवणीच्या खोलीतले ढमढेरे डोकावले,
"शाई बनवताय होय?"
आणि वास घ्यायला त्यांनी
बूच काढलं.

वरून खाली निळं उतरत गेलं,
हवा शिरेल तसं.
ढमढेऱ्यांचा हात तसाच वर.
"माझं काही चुकलं का, मॅडम?"
नाही, म्हटलं. हवेचं आहे ते.

संध्याकाळी बाबांना आकडा सांगितला:
शून्य, मग टिंब, मग इतकी शून्यं
की ते मध्येच म्हणाले, "पुरे."
जरा थांबून,
"पण चकती हलली ना?"

हलली, बाबा.
रुख्सानाने तेव्हाच पुन्हा आरगॉन सोडला होता,
नवं बूच दाबलं होतं,
आणि खिडकीत ऊन
अजून चार बोटं होतं.