कुणाकडं?

सोलापूर स्टेशनात खिडकीपलीकडच्या मुलानं
तिकीट सरकवताना विचारलं, जेऊरला कुणाकडं?
कुणाकडं नाही, म्हटलं.
त्यानं सुट्टे पैसे दोनदा मोजले.

मला गाडी चालवता येत नाही.
एकदा शिकले होते, बंद गिरणीच्या मैदानात,
तेव्हा कंपाउंडची भिंत आपणहून माझ्याकडं चालत आली.
तेव्हापासून मी खिडकीशेजारची.
मोहोळला पेरू. कुर्डूवाडीला चहा, कपबशी नाही, कागदाचा.
केमला कुणाच्या तरी पोत्यातून सांडलेलं कुंकू
आणि फलाटभर
चपलांचे लाल ठसे, सगळे जिन्याकडं जाणारे.

जेऊरचा वडापवाला माणसं मोजत नाही,
गुडघे मोजतो.
तेवीस झाले की निघतो,
चोविसावा दाराबाहेर लोंबतो.
माझ्या मांडीवर एका बाईनं न विचारताच
कोंबडीच्या पिल्लांची टोपली ठेवली.
कुणाकडं गं?
पाणी बघायला आले, म्हटलं.
पाणी?
ती शेजारणीकडं बघून हसली, मग हसायची थांबली.
आमचं गाव हाय की त्याच्यात.

शेवटचा कोस पायी.
उसात वारा शिरला की कुणी पत्र्यावर धान्य पाखडतंय असं वाटतं.
केळीच्या बागेतून काळे पाइप निघालेले,
रस्ता ओलांडून, बांध ओलांडून,
सगळे एकाच दिशेला तहानलेले.
मी त्यांच्या मागं मागं गेले. नकाशा लागला नाही.

आणि मग डांबरी रस्ता, जुना, चांगला रुंद,
सरळ पाण्यात जातो.
वळत नाही, थांबत नाही, सूचना नाही.
कडेला मैलाचा दगड, गळ्यापर्यंत बुडालेला,
वर नुसतं शून्य दिसतं,
त्याच्या आधीचा आकडा पाण्यानं ठेवून घेतलाय.
त्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला.

मोटारीतून आले असते तर इथून मागं वळले असते.

औदुंबरच्या होडीत दोन मोटारसायकली,
पेंडीचं पोतं, नववीतली एक मुलगी दप्तरासकट,
आणि नारिंगी जाकिटं, ज्यांवर सगळे आरामात बसलेले.
घाला वो अंगात, बसायला न्हाईत ती,
तो ओरडला. मी घातलं. मुलीनंही, माझ्याकडं बघत.
लांबवर उथळात रोहित पक्ष्यांची ओळ,
कुणीतरी गुलाबी खडूनं ओढून
हातानं थोडी फिसकटलेली.

मधोमध त्यानं इंजिन बंद केलं.
काय झालं?
काही न्हाई. इथं यस्टीचा थांबा हुता.
म्या चार वर्साचा. आई बाजारावनं हितंच उतरायची.
होडी जरा वेळ उभी राहिली.
पाणी फळ्यांना टकटक करत होतं.
कुणी उतरलं नाही.
कुणी चढलंही नाही.
मग त्यानं दोरी ओढली आणि धूर, आणि आवाज,
आणि मुलगी पुन्हा मोठ्यानं भूगोल पाठ करू लागली.

परतीच्या फेरीला वारं सुटलं.
काठाला लागले तोवर शेवटचं वडाप गेलेलं,
देवळाच्या पायरीवर चप्पल झाडत बसले
तर ती टोपलीवाली समोर.
बघितलं का पाणी? चल मग.
भाकरी, चिलापीचं कालवण, तिखट असं
की डोळे पुसायला निमित्त लागलं नाही.
रात्री पिल्लं चुलीजवळ डालग्यात,
मी त्यांच्या पलीकडं, वाकळेवर.
पंपांचा आवाज रात्रभर.

पहाटे सहाची मुक्कामी गाडी.
कंडक्टर गळ्याला टॉवेल गुंडाळून, अर्धा झोपेत.
कुणाकडं आलावता?
नाव विचारायचं राहून गेलं होतं.
पिल्लांची टोपली असते त्यांच्याकडं, मी म्हटलं.
मथुरामावशीकडं म्हणा की, तो म्हणाला,
आणि तिकीट फाडलं.