खोलीचा आवाज

पहिल्या तासाला शरयू गुप्तेंनी कॅमेरा दाखवलाच नाही.
म्हणाल्या, एक मिनिट कोणी हलू नका,
मी खोली रेकॉर्ड करतेय.
फतेगंजची ती वर्गखोली: एक पंखा,
एक कण्हणारी ट्यूबलाइट,
मागच्या बाकावर परेशचं उपाशी पोट.
आम्ही हसलो. त्यांनी टेप मागे घेतली.
पुन्हा.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
एकीची दुसरीला चिकटवलीत तर सांधा ऐकू येतो.
मी वहीत उतरवून घेतलं.
एकोणीस वर्षांचा होतो, आणि घरी
माझी शांतता वडिलांच्या शांततेला चिकटवलेली होती.
सांधा मला रोज ऐकू यायचा.

त्यांचा पहिला सिनेमा बावीस मिनिटांचा.
पैसे भिशीचे, विकलेल्या लुनाचे आणि हंसाबेनचे.
हंसाबेन म्हणजे सयाजी हॉस्पिटलातल्या नर्स,
रात्रपाळी उरकून दिवसा बूम धरायच्या,
कधी उभ्या उभ्या डुलकी लागली की माइक फ्रेममध्ये उतरायचा.
तो तसाच ठेवलाय दोन ठिकाणी.
दांडिया बाजारात, गुप्त्यांच्या जेवणघरात, चादरीवर दाखवला.
दोन बाया एकमेकींचे केस विंचरतात.
एवढंच आहे त्यात.
दिवे लागल्यावर कोणी चहाचं काढलं,
कोणी चपला शोधायला लागलं.
आई तेवढी म्हणाली,
चादर इस्त्री करायची होतीस गं,
दोघींच्या तोंडावर सुरकुत्या पडल्या.
ताई हे सांगताना इथे थांबतात,
आणि दर वेळी पुढचं सांगत नाहीत.

दुसऱ्यात विश्वामित्रीचा पूल, दोन पुरुष,
आणि तिसऱ्या टेकला आपणहून आलेली मगर.
कमिटीतल्या गृहस्थांनी विचारलं, मगर कशाचं प्रतीक?
कशाचंच नाही. या नदीत असतात.
आणि हे दोघं?
तेही.

अनुदान अर्थातच नाही.
मग सहा वर्षं लग्नांच्या कॅसेटी.
सप्तपदीत कट कुठे मारायचा, आम्हाला अजून पाठ आहे:
पाचव्या पावलावर. तिथवर नवरी कंटाळते
आणि पहिल्यांदा स्वतःसारखी दिसते.

माझ्या पटकथेत मी लिहिलं होतं 'मित्र'.
त्यांनी पेन्सिलीनं गोल केला. समासात बारीक अक्षर:
हा शब्द उच्चारण्याआधी तो किती थांबतो? सेकंदात.
मी लिहून नेलं, चार.
चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
फार आहेत म्हणाल्या नाहीत. बरं, म्हणाल्या,
आणि भाखरवडीचा पुडा माझ्याकडे सरकवला.

परवापासून त्यांच्या टेपा संगणकावर उतरवतोय.
एका खोक्यात नुसत्या खोल्या आहेत,
दोनशेच्या वर, प्रत्येकीवर हंसाबेनचं गुजराती अक्षर:
वकिलाचं ऑफिस, पंखा बंद.
वॉर्ड नंबर चार, पहाट.
रेल्वे कॉलनी, कुत्रा आहे, पुन्हा घेणे.
हंसाबेनना जाऊन चौथं वर्ष.
तळाशी एक: 'आपणुं रसोडुं'.
अमारुं नाही. आपणुं.
मराठीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

लावली. फ्रिज. कबुतर.
चाळिसाव्या सेकंदाला कोणीतरी हसू दाबतं,
नाकातून.
कुठल्या सिनेमाची, मी विचारलं.
ताई खिडकीजवळ वाटाणे सोलत होत्या.
कुठल्याच नाही, म्हणाल्या.
वाटी खाली ठेवली.
जरा आवाज वाढव रे,
कुकर लावलेला होता तेव्हा,
तो ऐकू येत नाहीये.