जानोरीची फांदी

बाजारभावाच्या पानात, ओल्या,
गुंडाळून आणली होती तिडक्यांनी.
प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवली
तशी शाई ओट्याला लागली.

"एवढं नाव सांगा, मॅडम.
पॉलिहाऊस ज्याच्याकडून घेतलं
तो फोन उचलत नाही.
कडेला अकरा झुडपं ठेवून गेला, पाटी मोडकी.
दादरचा व्यापारी दांड्या मागतोय,
पण नावच माहीत नाही
तर भाव कशाचा बोलू?"

भिंग काढलं.
फूल शर्टाच्या बटणाएवढं.
पाकळ्या पाच, फिक्या गुलाबी, मेण चोळल्यासारख्या.
पुंकेसर दहा,
त्यांच्या मधे मधे आणखी दहा, वांझ.
पान सुईसारखं, टोकाला किंचित आकडी.

त्र्यंबकपासून सप्तशृंगीपर्यंतची झाडं
माझ्या लोखंडी कपाटात वाळून पडलीत.
त्यांत हिचं कुणी नव्हतं.
असं मला वाटलं.

दाराशी जनी भोये उभी होती,
सुरगाण्याची, तिडक्यांकडे दांड्या कापते.
आत या म्हटलं तर चपला काढून आली.
एक पान नखानं चुरडून हुंगलं,
दुसरं खिडकीच्या उजेडात धरलं.
"ठिपकं हायेत यात.
जांभळीच्या पानात असतात तसं. पेरूच्या बी."

होते.
तेलाचे, आरपार दिसणारे, सुईच्या टोकाएवढे.
एकोणीस वर्षं हेच ठिपके मुलांना दाखवत आले मी,
आणि आज
पाकळ्या मोजत बसले होते.

कूळ सापडल्यावर
नाव साडेपाचच्या आत सापडलं.
ऑस्ट्रेलियाच्या वाळूतलं मेणफूल,
आपल्या जांभळीची लांबची मावसबहीण.
चिठ्ठीवर लिहून दिलं: कॅमेलॉशियम अन्सिनेटम.
तिडके दोनदा अडखळले.
"हे दादरला कोण बोलणार?"

सांगितलं त्यांना,
गुच्छात हे मागे उभं राहतं, गुलाबाला पुढे करून.
गुलाब मान टाकतो
तेव्हाही हे तसंच असतं.
"मग भाव गुलाबाला का?"
याचं उत्तर माझ्या विषयात नाही.

"तुम्ही काय म्हणता हिला?" मी जनीला विचारलं.
"आम्ही? लिंबी.
कापताना हाताला वास येतो ना."

एक डहाळी दाबाला लावली.
संग्राहक: ज. भोये.
स्थानिक नाव: लिंबी.

ते गेल्यावर
ओट्यावरचा कागद उचलून पंख्याखाली ठेवला.
संध्याकाळपर्यंत सुकला.
भाव नीट वाचता येत होते आता,
कालचे.