लाल चिंधीच्या फेऱ्या

शाळेपासून चिल्वा सरोवर किती दूर,
हे चोवीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही.
म्हणजे, एकीनं विचारलं होतं. तिच्याकडे मग वळते.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी तियामिके मॅडम म्हणाल्या,
आज वह्या राहू द्या, एक सायकल आणा.
सायकल मिळाली म्फुंदोची, मासे वाहणारी,
कॅरियरला वाळलेले खवले, ब्रेक नावापुरते.
पुढच्या टायरला लाल चिंधी बांधली.
चिंधी जमिनीला टेकली की एक.
बस, एवढंच.

आम्ही अकरा शिक्षक, कडक इस्त्रीचे,
शाळेच्या भिंतीपासून पाण्याकडे निघालो
मोठ्यानं आकडे म्हणत.
गुरांमागची पोरं खो खो हसली,
मग तीही मोजू लागली,
आणि चारशेच्या आसपास
त्यांचा आकडा एक, आमचा भलताच.
सायकल परत भिंतीशी.

पाय म्हणजे बावीस भागिले सात,
हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!
माझ्या पायांखालून तो कधी गेला नव्हता.
आता जात होता:
टाचेत कुसळ, चपलेत गाळ,
सातशेव्या फेरीला एक होडी
कोरड्या जमिनीवर कलंडलेली,
तिच्या सावलीत कुणीतरी मका पेरलेला.

मग भांडण लागलं.
पाणी नेमकं सुरू कुठे होतं?
लव्हाळ्याशी, म्हणाले बांडा सर.
पाऊल बुडतं तिथे, म्हणाली थोकोझानी.
होडी तरंगते तिथे, म्हणाला म्फुंदो,
ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.
मॅडम गप्प. खडू नाही, छडी नाही,
नुसत्या आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या.
शेवटी म्फुंदोचं मानलं.
तेराशे बारा फेऱ्या.
दोन हजार सातशे एकवीस मीटर,
वर थोडे सेंटिमीटर, तेही आम्ही लिहिले,
उगाच, हौसेनं.

तिथे एक बाई जाळं सांधत बसली होती.
सुई न थांबवता म्हणाली,
मोजलंत ना? मग सांगा.
माझ्या लहानपणी आटलं होतं, परत आलं.
या खेपेला येईल?

अकरा माना मॅडमकडे वळल्या.
त्या म्हणाल्या, "सिंदिकुदझिवा."
माहीत नाही.
आणि त्याचाच तास घेतला, तिथेच, गुडघाभर गाळात:
प्रत्येकानं एकदा म्हणायचं,
मान खाली न घालता,
आणि पुढे जोडायचं, काय मोजलं तर कळेल.

बांडा सर खोकले.
माझी जीभ टाळूला चिकटली.
चोवीस वर्षं मला सगळं येत होतं.
पुस्तकात नव्हतं ते प्रश्नच नव्हते.

चौथ्या बाकावरची एक मुलगी,
दाताला फट, दप्तर म्हणजे साखरेची पिशवी.
तुम्ही लहान होता तेव्हा
पाणी कुठपर्यंत होतं, मायी न्सापातो?
मी तिला तासभर बाहेर उभं केलं होतं.
तियामिके नाव होतं का तिचं?
असेलही. या नावाच्या तीन होत्या वर्गात.
मॅडमच्या दातांना फट नाही. पण दात काय, जुळतात.
मला त्या "मायी न्सापातो" म्हणतात
ते बाकी सगळे म्हणतात तसंच.
विसरल्या, की माफ केलं,
की ती दुसरीच कुणी:
याला चिंधी कुठे बांधायची?

मी म्हटलं शेवटी. माझा नंबर नववा.
आवाज फुटला तो बेडकासारखा.
जाळंवाली बाई हसली,
आणि सरकून बसायला जागा दिली.

सोमवारी सातवीला घेऊन निघाले.
सायकल तीच, चिंधी माझ्या चितेंजेची.
दहाव्या फेरीलाच एकानं हात वर केला:
हवा कमी असली
तर फेरी लहान भरते का?
तोंड उघडलं. सवयीनं "चूप" येणार होतं.
दुसरा शब्द आला.

पंप आणायला
कुणीतरी कधीच पळालं होतं.