विध्यर्थ

चौथ्या मजल्यावरची बैठकीची खोली, एसी अठरावर.
बाहेर सोहारचा जुलै. बंदराकडची चिमणी
खोडरबरानं अर्धीमुर्धी पुसल्यासारखी.
आम्ही चौघं. मधे खजूर, वेलदोड्याचा कहवा
आणि एकशे बारा पानांची मार्गदर्शिका :
उष्ण हवेतले कामगार आणि त्यांची मूत्रपिंडं.

प्रत्येक शिफारशीला गुण द्यायचे.
सात म्हणजे पुरतं पटलं,
एक म्हणजे अजिबात नाही.

शिफारस चौदा :
कामगाराने दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे.

मूळ इंग्रजी आहे, पण मी मनात मराठीच वाचते.
प्यावे.
बार्शीच्या शाळेत क्षीरसागरबाई खडू झटकत विचारायच्या,
विध्यर्थ खरा, पण अर्थ कोणता?
दिलेला शब्द पाळावा : कर्तव्य.
यंदा तरी पास व्हावं : इच्छा.
एव्हाना गाडी आली असावी : तर्क.
विहिरीत सूर मारावा तर धोंडूनंच : योग्यता.
एका प्रत्ययात एवढेजण दाटीवाटीनं राहायचे,
लेबर कॅम्पातल्या खोलीत राहतात तसे.

लिजोनं पडद्यावर पुरावा उघडला.
तीन अभ्यास. एक सैनिकांवर, एक धावपटूंवर,
तिसरा विद्यापीठातल्या एकवीस पोरांवर,
बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर.
रोवेना म्हणाली, स्पष्ट आहे, मोजता येतं. सहा.
लिजो, सहा.
डॉक्टर थुरैया जरा थांबून, सहा.

मी नऊ नंबरच्या खाटेपाशी पोचले होते.
टेकमान, वय एकोणतीस, पाल्पाचा.
परांचीच्या चौदाव्या टप्प्यावर काम.
पाणी होतं, दीदी. थंडसुद्धा. निळा जार, हाताशी.
पण प्यायलं की उतरावं लागतं.
शिड्या, मग जाळी, मग फाटकाजवळचा कंटेनर, तिथं रांग.
जाऊन येऊन चौतीस मिनिटं.
मुकादम वहीत लिहितो.
म्हणून तो नुसते ओठ ओले करायचा.
तीन उन्हाळे.

दोन, मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
त्या सायकलीच्या शेजारी एक दार असणार, मी म्हटलं,
आणि दारावर पाटी.
छापील अर्जात हा प्रश्न आहेच की :
ज्यांच्यासाठी शिफारस, त्यांचं मत घेतलं का?
पान सत्त्याण्णव : कामगार प्रतिनिधींना निमंत्रण होते.
आले होते का, ते लिहिलेलं नाही.

थुरैयानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
हे वैद्यकीय आहे का, सिस्टर?
आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.
मला नीट उत्तर देता आलं नाही.
मी त्याच्या क्रिएटिनिनचा आकडा सांगितला.
कोणीतरी खजुराची बी बशीत ठेवली,
तेवढा एक आवाज झाला.

सरासरी पाच.
पाच म्हणजे चांगलंच.
शेजारच्या रकान्यात : एका सदस्याचा मतभेद, किरकोळ.
मग शिफारस पंधरा. सावली.

संध्याकाळी माझी पाळी.
यंत्र त्याचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत देत होतं.
आता किती पाणी पिऊ, दीदी?
भिंतीवर दुसरी मार्गदर्शिका, प्लॅस्टिकमधे मढवलेली :
दिवसाला पाऊण लिटरहून जास्त पिऊ नये.

नये.
याचा अर्थ बाईंनी कधी विचारला नव्हता.

मी त्याला मापाची बाटली दिली, रेघ दाखवली.
त्यानं रेघेवर नख ठेवून पाहिलं.

संडास त्याच्या खाटेपासून अकरा पावलांवर.
आत दिवा चालू असतो, रांग नसते.
त्याला आता तिकडे फारसं जावं लागत नाही.