नळीत नळी

देवळाली कॅम्पातून सुभेदार खैरमोडे आले,
बारा बोअरची दुनळी चादरीत गुंडाळून.
म्हणाले, शिकलगार, हिचा धक्का आता सोसत नाही.
शर्टाची दोन बटणं काढून खांदा दाखवला:
जांभळा, कडेनं पिवळा,
वेलीवरच राहून गेलेल्या द्राक्षासारखा.

मग खिशातून रुमाल, रुमालातून ती नळी.
वीतभर. करंगळीही शिरणार नाही असं तोंड.
मोठ्या नळीत ही सरकवली
की बंदूक तीच, आवाज पॉइंट टू-टूचा.
कुठल्याशा मेजरच्या भंगारात सापडलेली.

मी खिडकीकडे धरून आरपार पाहिलं.
गोदेपलीकडचा उजेड
पेचांवरून गिरक्या घेत
डोळ्याशी येऊन थांबला.
काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू?

पण परवान्यावर रकाना एकच.
कचेरीतला कारकून विचारेल, बंदुका किती?
एक.
नळ्या?
दोन.
आणि पोटात?

सुभेदार हसले नाहीत.
ह्याच खांद्यानं तोफा रेटल्या, म्हणाले,
चौघा दोस्तांना खांदा दिला,
तेव्हा कुठं दुखला?

आज्यानं तलवारींना धार दिली,
बापानं घोड्यांना तेल.
नाही म्हणायचं काम माझ्या वाट्याला.

दस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्यूबची गादी ठोकली, दुहेरी.
साठ रुपये घेतले.

तांबट आळीतून ते उतरत गेले.
चादर डाव्या काखेत,
उजवा खांदा जरा खाली,
आणि त्यावर हात,
त्यांचाच.